‘श्यामची आई’च्या बाजारातील आवृत्त्या: मुलांच्या हाती कोणती द्यावी?

जून महिना लागला की दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरी या गावांतल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पाठ्यपुस्तकांच्या ढिगाऱ्यामागे एक फळी गोष्टींच्या पुस्तकांची असते, आणि त्या फळीवर ‘श्यामची आई’ नाही असे दुकान निदान माझ्या पाहण्यात आलेले नाही. अडचण अशी, की हल्ली ते एकाच रूपात मिळत नाही. निरनिराळ्या प्रकाशकांची, निरनिराळ्या मुखपृष्ठांची, साधारण ७० रुपयांपासून ३०० रुपयांपर्यंतची ‘श्यामची आई’ शेजारी-शेजारी उभी असते, आणि यांत फरक काय असे विचारले तर दुकानदार पुस्तक उलटे करून मागची किंमत वाचून दाखवतो. मुलाला वाचनाची गोडी लागावी म्हणून त्याच्या हाती पहिले मोठे पुस्तक देऊ पाहणाऱ्यांना या उत्तराचा काडीचा उपयोग नसतो. यंदा पाचवीत गेलेल्या माझ्या भाचीसाठी पुस्तक घ्यायचे होते, म्हणून इकडे सहज मिळणाऱ्या आवृत्त्या आणून मी शेजारी ठेवून वाचल्या. प्रकाशकांची नावे येथे मुद्दाम घेतलेली नाहीत, कारण एकाच प्रकाशकाची एक छपाई उत्तम आणि पुढची टाकाऊ असेही आढळते. ग्राहकाला दुकानात उभ्या-उभ्या तपासता येतील अशा खुणा सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

एवढ्या आवृत्त्या निघण्याचे कारण कायद्यात आहे. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. आपल्याकडे लेखकाच्या निधनाचे वर्ष सरल्यावर पुढे ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. ही मुदत आधी ५० वर्षांची होती. १९९२च्या दुरुस्तीने ती वाढली नसती तर हे पुस्तक २००१ सालीच सर्वांना खुले झाले असते. वाढीव मुदत २०१० अखेर संपली आणि तेव्हापासून कोणीही हे पुस्तक छापू शकतो. त्यामुळे ते स्वस्त राहिले आणि तालुक्याच्या गावापलीकडच्या किराणा-स्टेशनरीच्या दुकानांतही पोहोचले, हा लाभ लहान नाही. मात्र मजकुराची जबाबदारी घेणारा एकच एक धनी राहिला नाही, आणि पुढे ज्या दोषांविषयी लिहायचे आहे ते बहुतेक याच एका गोष्टीतून आलेले आहेत.

अगदी स्वस्त आवृत्त्यांपासून आरंभ करायचा म्हटले तरी त्यांच्याविषयी फार लिहावे लागत नाही. कागद वर्तमानपत्राचा, करडा, पाठपोट छपाई एकमेकींत मिसळणारी. ओळी दाट, समास जेमतेम बोटभर. बालभारतीच्या मोकळ्या, ठळक अक्षरांना सरावलेले दहा वर्षांचे मूल असे पान पाहताच बिचकते, तिसऱ्या-चौथ्या पानावर पुस्तक मिटते आणि घरातली मोठी माणसे याला वाचनाची आवडच नाही, असा निर्वाळा देऊन मोकळी होतात. त्यात मुद्रणदोषांची भर पडते. जुन्या संगणकी टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘वाऱ्यावर’चे ‘वार्‍यावर’ही धड न राहता ‘वार्यावर’ होते, ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, आणि एका आवृत्तीत तर संवादांची अवतरणचिन्हेच गळून गेल्यामुळे आईचे बोलणे कोठे संपते आणि श्यामचे कोठे सुरू होते हे मोठ्या वाचकालाही थांबून पाहावे लागते. ज्या पुस्तकाचा अर्धा जीव आई आणि मुलगा यांच्या बोलण्यात आहे त्याच्या बाबतीत हा दोष क्षुल्लक म्हणता येणार नाही. ओव्या आणि श्लोक गद्यासारखे सलग छापलेले असतील तर ते पुस्तक सरळ परत फळीवर ठेवावे.

‘मुलांसाठी संक्षिप्त’, ‘सचित्र’, ‘सोप्या भाषेत’ अशी पाटी मिरवणाऱ्या आवृत्त्या दिसायला सर्वांत देखण्या असतात. कागद गुळगुळीत, अक्षर मोठे, चित्रे रंगीत. पुस्तक उघडताच मुलाचा चेहरा खुलतो, हे मान्य करायला हवे. तरीही माझा सर्वांत मोठा आक्षेप याच आवृत्त्यांना आहे.

साने गुरुजींनी या कथांचा बहुतेक भाग फेब्रुवारी १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला आणि पुस्तक १९३५ साली निघाले. त्यातल्या प्रकरणांना त्यांनी रात्री म्हटले आहे: रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा ४२ रात्री. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना सायंप्रार्थनेनंतर रोज आईची एक आठवण सांगतो, ऐकणारे मध्ये बोलतात, विचारतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा होतात. ही चौकट काढून टाकली तरी गोष्टींना बाध येत नाही, असे संक्षेप करणाऱ्यांना वाटत असावे. माझ्या मते पुस्तकाने इतक्या लोकांना वाचक केले ते मुख्यत्वे या चौकटीमुळे. एक रात्र एका बैठकीत संपते, मूल दमत नाही, आणि उद्यासाठी एक रात्र शिल्लक राहते. आमच्या घरी दिवेलागणीनंतर आजोबा रोज एक रात्र मोठ्याने वाचत. पुढची रात्र उद्यावर टाकणे ज्याला सहन होत नाही आणि जे दुपारी सगळे निजलेले असताना पुस्तक घेऊन माळ्यावर जाऊन बसते, ते मूल वाचक झालेच म्हणून समजावे. संक्षिप्त आवृत्तीत रात्री गेल्या, त्यांच्या जागी बारा-पंधरा ‘धडे’ आले, आणि प्रत्येक धड्याखाली चौकटीत तात्पर्य आले. म्हणजे शाळेच्या दप्तरात जे आधीच होते, त्याचीच रंगीत प्रत घरी आली.

तात्पर्याच्या चौकटीने काय बिघडते, हे अठराव्या रात्रीत, म्हणजे ‘अळणी भाजी’त, नेमके दिसते. आईच्या हातून भाजीत मीठ घालायचे राहून गेले आहे. वडील आणि मुले एक अक्षरही न बोलता जेवून उठतात आणि शेवटी आई आपल्या पानावर बसते तेव्हा तिला ते कळते. मीठ नाही हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे आणि आईला अजून ठाऊक नाही, या अंतरावर ती सगळी रात्र उभी आहे, आणि पुढे काय होणार या हुरहुरीत मूल पान उलटते. मी पाहिलेल्या संक्षिप्त प्रतीत हा प्रसंग काही ओळींत उरकून खाली कोणाचे मन दुखवू नये, असे छापले आहे. कथा सांगण्याआधीच तिचा निकाल सांगितल्यावर वाचायचे ते काय उरते?

बाराव्या रात्रीचे तर अधिकच वाईट झाले आहे. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, चक्क मारते आणि विहिरीवर पाठवते. आजच्या पालकांना हा मार खटकतो, आणि तो खटकावा हे रास्तच आहे. त्यावर उपाय म्हणून संक्षेपकर्त्याने आईला नुसते समजावायला लावले आहे. त्यामुळे श्यामचा राग निराधार ठरतो, आणि लोकांनी तुला भित्रा म्हटलेले मला खपायचे नाही, हे आईचे नंतरचे बोलणे तर अगदीच अधांतरी लोंबते. पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या विहिरीत मुलाला पोहायला शिकवणे ही इकडची आजही चालू असलेली रीत आहे. विहिरीच्या काठावर पाय लटपटलेले प्रत्येक मूल ही रात्र आपलीच म्हणून वाचते. माझी भाची पोहायला अजून शिकलेली नाही. ती रात्र वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटले आणि म्हणाली, “आत्या, आई मारते ते चूक आहे, पण तो लपला नसता तर गोष्टच झाली नसती.” संक्षिप्त प्रत वाचून ती हे म्हणू शकली नसती.

पंचविसाव्या रात्रीबद्दल थोडे सावकाश लिहिले पाहिजे. रस्त्यात एका महार म्हातारीची लाकडांची मोळी पडली आहे आणि तिला ती उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते, आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. सचित्र आवृत्तीतून ही आंघोळ वगळलेली आहे. हेतू चांगला असेल, पण परिणाम असा होतो की १९०५-१० च्या सुमाराचे पालगड, म्हणजे श्यामचे गाव, आज आहे तसेच होते, असे मुलाला वाटते. आईची माया रूढीच्या कुंपणापर्यंत गेली, कुंपणावरून तिने हात बाहेर काढला, पण कुंपण मोडले नाही, हे त्या प्रसंगाचे सत्य आहे, आणि ते जसेच्या तसे मुलापुढे ठेवून त्यावर बोलता येते. याच मुलाने, म्हणजे श्यामच्या रूपातल्या साने गुरुजींनी, पुढे मोठेपणी, मे १९४७मध्ये, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. ही माहिती टीप म्हणून पानाच्या तळाशी दिली असती तर त्या रात्रीला फार मोठा अर्थ आला असता. दुर्दैवाने संपूर्ण आवृत्तीतही मला अशी टीप आढळली नाही.

संक्षेपाचा आणखी एक तोटा शहरातल्या संपादकांच्या लक्षात येणार नाही. या पुस्तकात कोकण केवळ पार्श्वभूमीला नाही, रोजच्या कामांत आहे. सातव्या रात्री पत्रावळ लावायचा प्रसंग येतो. पाने कशी जुळवावीत, चोयांनी कशी टोचावीत, नीट न लावलेल्या पत्रावळीची फजिती कशी होते, हे हातांना आठवेल अशा तपशिलाने सांगितले आहे. एका ‘सोप्या’ आवृत्तीत पत्रावळीची ‘पानांची थाळी’ झाली आहे आणि लावण्याची कृती गाळली आहे. एकतिसाव्या रात्रीतले लाडघरचे तामसतीर्थही त्या प्रतीतून गेले. लाडघरच्या किनाऱ्याला आजही तेच नाव आहे, पाणी तसेच तांबूस दिसते, आणि दापोलीहून रिक्षा करून तेथे जाता येते. पुस्तकात वाचलेली जागा खरोखर अस्तित्वात असते आणि आपल्याला तेथे पाय भिजवता येतात, हा शोध वाचकाच्या आयुष्यात एकदाच लागतो. आमच्या बाजूच्या मुलांना तो सहज लागू शकतो, तर त्यांच्याच प्रतीतून ते पान फाडून का द्यावे? पालगडला गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपलेले आहे, तेही मुलांना दाखवता येते.

आता ज्या आवृत्तीची मी शिफारस करते तिच्याकडे वळते. ती संपूर्ण आहे, ४२ रात्रींची आहे, शिवलेल्या बांधणीची आहे, कागद पांढराफटक नसून किंचित पिवळसर आहे आणि अक्षर पुरेसे मोठे आहे. ओव्या स्वतंत्र ओळींत, समासापासून आत सरकवून छापल्या आहेत. संवाद स्वच्छ आहेत. किंमत साध्या प्रतीच्या तिप्पट आहे. वाढदिवसाला आणलेला केक ज्या पैशांत येतो त्याहून ती कमी आहे, एवढे म्हणून किमतीचा विषय सोडते.

या आवृत्तीतही दोष आहेत. पहिल्या रात्रीआधी मान्यवरांच्या प्रस्तावना इतक्या आहेत की मुलाने पुस्तक सुरुवातीपासून उघडले तर मातृभक्तीच्या गौरवातच तो अडकून पडेल. मी त्या पानांवर क्लिप लावून पुस्तक दिले. कठीण शब्दांचे अर्थ दिले आहेत खरे, पण शेवटी, यादीच्या रूपात. सोवळे, खोत, कोस, माजघर, पडवी हे शब्द कोकणातल्या घरात अजून कानावर पडतात, पण दापोलीच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलांनाही आता त्यांतले निम्मे विचारावे लागतात, आणि दर वेळी शेवटचे पान काढून पाहणारे मूल मला तरी माहीत नाही. अर्थ तळटिपेत हवे होते. आतल्या मुखपृष्ठावर पालगड, दापोली, लाडघर, हर्णै दाखवणारा साधा नकाशा असता तर मी या प्रतीला जवळजवळ पूर्ण गुण दिले असते. मुखपृष्ठाविषयी न बोललेलेच बरे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली नऊवारीतली आई आणि टोपीतला मुलगा या जोडीपलीकडे जाण्याची कोणाही चित्रकाराला परवानगी नसावी, असे सगळ्या आवृत्त्या एकत्र मांडल्यावर वाटते.

बांधणीवर मी एवढा भर देते त्याचे कारण आमची हवा. या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर घरातल्या कोणत्याही वस्तूला पुरते कोरडे म्हणता येत नाही. नुसत्या डिंकाने चिकटवलेल्या पुस्तकाचा कणा दमट हवेत सैल पडतो आणि दुसऱ्या पावसाळ्यात पाने एकेक करून हातात येतात. वर्तमानपत्री कागद ओल शोषून फुगतो आणि त्यावर बुरशीचे ठिपके येतात. शिवलेले पुस्तक ओले झाले तरी पंख्याखाली उभे उघडून वाळवता येते, पानांचा क्रम तरी टिकतो. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली आणि मंडणगडकडच्या कित्येक घरांची कौले, पत्रे उडाले आणि भिंतीतल्या कपाटांवर थेट पाऊस पडला. २२ जुलै २०२१च्या महापुरात चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, जे १८६४पासून चालत आले आहे, तेही पाण्यात सापडले. अशा प्रदेशात मुलाचे पहिले पुस्तक पुढच्या पिढीपर्यंत पोहोचावे असे वाटत असेल तर शिलाई तपासूनच घ्यावी. एक सूचना: पुस्तकाला प्लास्टिकचे घट्ट कव्हर घालू नये, आत ओल कोंडते, साधे खाकी कव्हर पावसाळ्यात अधिक चांगले.

मजकूर महाजालावर विनामूल्य मिळतो, मग विकत का घ्यायचे, असा प्रश्न मला विचारला गेला. एखादा उतारा शोधायचा असेल तर मोबाइल उत्तम आहे. पण ज्या पडद्यावर दर मिनिटाला दुसरे काहीतरी खुणावते त्यावर बेचाळीस रात्री कोणी वाचत नाही, निदान दहाव्या वर्षी नाही. १९५३चा आचार्य अत्रे यांचा चित्रपट, ज्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, तो अवश्य दाखवावा, पण पुस्तक संपल्यावर. आधी दाखवला तर त्यात आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहरा मुलाच्या मनातल्या आईची जागा घेऊन बसतो.

पुस्तक प्रत्येक मुलाला रुचेल असे मी म्हणणार नाही. शेवटच्या आठ-दहा रात्री कर्ज, अपमान, आजारपण आणि मृत्यू यांनी भरलेल्या आहेत. हळव्या मुलाला त्या एकट्याने वाचायला देऊ नयेत, आणि ज्याला रडवणाऱ्या गोष्टी मुळीच आवडत नाहीत त्याच्यावर हे पुस्तक लादू नये. त्याला भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे द्यावा, तो सायकलवरून त्याला जेथे न्यायचे तेथे नेईल. त्याहून लहान, अजून लांब वाचन न झेपणाऱ्या मुलांसाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे, जे १९७१पासून निघते आणि ज्याचे जुने अंक आता संगणकावर फुकट वाचता येतात. दोन्हींवर स्वतंत्रपणे लिहिण्याजोगे बरेच आहे.

खरेदी करताना दुकानात तीन-चार मिनिटे लागतील, तेवढी द्यावीत. अनुक्रमणिका उघडून ४२ रात्री आहेत का पाहावे. नसतील तर ती प्रत संक्षिप्त आहे, मग मुखपृष्ठावर तसे लिहिलेले असो वा नसो. पुस्तक मधोमध उघडून कण्यात दोरा दिसतो का पाहावे. कोणतेही एक पान काढून ‘ऱ्य’ असलेला शब्द शोधावा आणि तो नीट छापला आहे ना, याची खात्री करावी. तो चुकला असेल तर बाकीचेही चुकलेले असते. शिवलेली संपूर्ण प्रत तालुक्याच्या दुकानांत बहुधा फळीवर नसते, मागवून घ्यावी लागते आणि यायला आठ-दहा दिवस जातात. गणपतीच्या सुट्टीत मुंबईहून येणाऱ्या मुलांच्या हाती ती द्यायची असेल तर नारळी पौर्णिमेच्या आधीच दुकानदाराला सांगून ठेवावे, कारण त्यानंतर बाजारात मखरे, माळा आणि पूजेचे सामान येते आणि पुस्तकांचे खोके उघडायला कोणाला वेळ नसतो.